सूनबाईंचा पासवर्ड

माझ्या नेमणुकीच्या पत्रात माझ्या कामाचं नाव 'बदल व्यवस्थापन व संगणक सुरक्षा जागृती' असं छापलेलं होतं. ते पत्र घेऊन मी माण रस्त्यावरच्या आमच्या पाणीपुरवठ्याच्या उपकार्यालयात पहिल्यांदा गेले, तेव्हा तिथल्या हेडक्लार्कांनी ते सावकाश वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नेमकं काय बदलायचंय, असं विचारलं. मी म्हटलं, कामाची पद्धत. त्यावर, पद्धतीला काय झालंय, असं त्यांनी इतक्या खऱ्या काळजीनं विचारलं, की घरातलं कुणी आजारी पडल्याची बातमीच मी आणली असावी. या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझं पुढचं सगळं वर्ष गेलं.

दोन हजार चार-पाचचा तो काळ. हिंजवडीत काचेच्या इमारती भराभर उठत होत्या आणि त्यांना पाणी पुरवणारं आमचं निमसरकारी महामंडळ मात्र अजून जाडजूड रजिस्टरांवर चाललं होतं. नवीन नळजोडणीचा अर्ज, मीटरचा आकडा, पाणी न आल्याची तक्रार, सगळं हातानं लिहायचं. मग पुण्याच्या मुख्यालयानं ठरवलं, की हा सगळा कारभार संगणकावर आणायचा, आणि संगणक यायचे तर ते सांभाळायचे कसे हेही माणसांना शिकवायचं. त्यासाठी कंत्राटावर काही मुलंमुली घेतली, त्यात मी. मी मूळची परभणीची. जिभेला धार आणि नाकावर राग, ही घरची ओळख मी इकडेही सोबत आणली होती.

राहायला मला माणमध्येच खोली मिळाली. गाव तेव्हा अर्धं शेतकऱ्यांचं आणि अर्धं भाडेकरूंचं झालं होतं. ज्यांची जमीन आयटी पार्कात गेली त्यांनी घरामागं ओळीनं खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांत आमच्यासारखे बाहेरगावचे नोकरदार राहत. माझ्या घरमालकीणबाईंची सून आमच्याच कार्यालयात कनिष्ठ लिपिक होती. जमीन गेलेल्या घरातल्या एकाला नोकरी, या नियमानं ती नोकरी घरात आली होती. मुलगा दहावीला अडकलेला आणि सून बारावी पास, म्हणून घरच्यांनी बराच खल करून अर्ज सुनेच्या नावानं भरला. कार्यालयात सगळे तिला वहिनी म्हणत, मीही तेच म्हणू लागले. तिच्या नवऱ्यानं एक जीप घेतली होती आणि तो कंपन्यांच्या लोकांची ने-आण करायचा. संध्याकाळी तो कार्यालयासमोर येऊन थांबे आणि आम्ही दोघी मागे बसून घरी जात असू.

वहिनींची नोकरी अजून पक्की नव्हती. प्रोबेशन चालू होतं. ते संपताना हेडक्लार्क त्यांच्याबद्दल अहवाल लिहिणार, मुख्यालयाचा माणूस येऊन त्यांना नवीन पद्धत जमते का ते बघणार आणि मग कायमचा आदेश निघणार. नाही जमलं तर मुदत वाढायची, किंवा सरळ घरी बसायची पाळी. घरी बसून करायचं तरी काय? शेत गेलं होतं आणि जीपचं काम कंपनीच्या मर्जीवर होतं. सासूबाई रोज मला खोलीच्या दारात गाठून विचारत, "पोरीचं हुतंय ना समदं नीट?" मी होतंय म्हणाले की कधी वांग्याची भाजी, कधी ताकाचा तांब्या माझ्याकडे येई. त्यामुळे वहिनींची नोकरी पक्की होण्यात माझाही जीव अडकला होता, आणि तो नुसता ताकासाठी नव्हता. वहिनी मला फार आवडायच्या.

हेडक्लार्कांना सगळे भाऊसाहेब म्हणत. ते माणचेच, वहिनींच्या सासऱ्यांच्या भावकीतले, म्हणजे नात्यानं वहिनींचे चुलत सासरे. त्यामुळे वहिनींच्या डोक्यावरचा पदर कार्यालयातही खाली येत नसे. टेबलावर संगणक, हाताखाली माऊस आणि डोक्यावर पदर, अशा त्या बसत. भाऊसाहेबही त्यांना आडनावानं किंवा बाई म्हणून हाक मारत नसत. भर कचेरीत, मुख्यालयाच्या माणसांसमोरसुद्धा, "सूनबाई, ती फाईल आणा," असंच म्हणत. सूनबाई हा हुद्दा मी निमसरकारी कामकाजात पहिल्यांदाच पाहिला.

भाऊसाहेब माणूस सरळ. त्यांचा धर्म म्हणजे चार्ज. रजेवर जाणाऱ्यानं आपल्या कपाटाची किल्ली, शिक्का, अर्धवट राहिलेले कागद, सगळा चार्ज त्यांच्या हाती द्यायचा आणि परत आल्यावर घ्यायचा. तुमच्या घरी लग्न असो की मयत, दारात आलेल्या माणसाचं पाण्याचं काम अडता कामा नये. त्यांच्या खुर्चीमागच्या फळीवर खिळे ठोकलेले होते आणि त्यांवर सगळ्या किल्ल्या लटकत. आपल्या कारकिर्दीत एकही कुलूप तोडावं लागलं नाही, हे ते नव्या माणसाला अभिमानानं सांगत. मलाही सांगितलं. मी तेव्हा नुसती मान हलवली, पण हाच चार्ज पुढे माझ्या डोक्याला ताप होणार हे मला कळायला हवं होतं.

संगणक आले तेव्हा त्यांचं स्वागत थाटात झालं. नारळ फुटला, पडद्यांना हळदकुंकू लागलं, खोलीबाहेर चपला काढायचा नियम आपोआप तयार झाला. रजिस्टरं मात्र कुणी सोडायला तयार नव्हतं. आधी रजिस्टरात लिहायचं, मग तेच संगणकावर चढवायचं आणि मग दोन्ही जुळतात का ते बघायचं, अशी तिप्पट कामाची नवीन पद्धत भाऊसाहेबांनी बसवली. मी कपाळावर हात मारून घेतला. वीज मात्र माझ्या विरोधात आणि त्यांच्या बाजूनं होती. भारनियमन सुरू झालं, संगणक बंद पडले, की ते रजिस्टर उघडून माझ्याकडे बघत आणि लिहायला लागत.

मग एका सकाळी मी पासवर्डचा वर्ग घेतला. प्रत्येकानं आपला शब्द ठरवायचा आणि तो जिवात जीव असेपर्यंत कुणाला सांगायचा नाही. शेजारच्या टेबलाला नाही, साहेबाला नाही, मुख्यालयातून फोन आला तरी नाही. कोणी गोड बोलून विचारेल, कोणी दमात घेईल, तरी नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊसाहेबांनी तर माझं बोलणं वहीत उतरवून घेतलं. मग एकेकानं संगणकासमोर बसून आपला शब्द ठेवला. वहिनी बसल्या तेव्हा त्यांनी पदर पुढे ओढून पडदा झाकून घेतला आणि लाजत लाजत एकेक अक्षर दाबलं. मला कौतुक वाटलं. मी आपली माझ्या शिकवण्यावर खूश होते.

दुपारी जेवणं झाल्यावर भाऊसाहेब हातात एक कोरं कार्ड घेऊन टेबलाटेबलाशी फिरू लागले. "हं, सांगा," म्हणायचे आणि लिहून घ्यायचे. मीटर वाचणाऱ्यानं गावच्या देवीचं नाव ठेवलं होतं, ते सांगून टाकलं. आमचे उपअभियंता साहेब टाकीच्या कामावर होते, त्यांनी फोनवरून आपल्या स्कूटरचा नंबर सांगितला. भाऊसाहेबांनी ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कार्ड आपल्या टेबलावरच्या काचेखाली, गणपतीच्या फोटोशेजारी, सरळ दिसेल असं सरकवलं. मी भडकले. सकाळी घसा कोरडा करून मी काय सांगत होते, असं विचारलं. ते जराही चिडले नाहीत.

"मॅडम, तुमी म्हणलात बाहेरच्याला सांगायचं न्हाई. मी काय बाहेरचा हाय व्हय? उद्या एखादा आजारी पडला तर त्याचा चार्ज कोन घेणार?"

त्यांच्या लेखी ही आणखी एक किल्ली होती आणि तिची जागा त्यांच्याजवळ. मी मुख्यालयाचं परिपत्रक दाखवलं. ते म्हणाले, यात चार्ज द्यायचा नाही असं कुठं लिहिलंय? मी सगळं वाचून काढलं. खरंच लिहिलेलं नव्हतं.

शेवटी ते कार्ड पुन्हा बाहेर काढून वहिनींच्या टेबलाशी आले. वहिनी उठून उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि मान खाली घालून हळूच म्हणाल्या, की सांगता यायचं नाही. भाऊसाहेबांना वाटलं चारचौघांत बोलायचा संकोच वाटत असेल, म्हणून त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितलं. वहिनींचा चेहरा लालबुंद झाला. लिहूनही देता यायचं नाही, म्हणाल्या. त्या कार्यालयात चार्ज नाकारला जाण्याची ती पहिलीच वेळ असावी. भाऊसाहेबांनी कार्ड परत नेऊन काचेखाली सरकवलं आणि ते जागेवर बसले.

मला तर आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळी वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होत्या, तिथं जाऊन मी त्यांना शाबासकी दिली. सगळ्या ऑफिसात तुम्ही एकट्यांनीच माझं ऐकलंत, म्हटलं. त्या आधी हसल्या, मग तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. सासूबाई गोठ्याकडे गेल्याची खात्री करून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुमच्या शिकवणीनं न्हाई हो मॅडम. ते ह्यांचं नाव हाय. कसं घेणार मी, ते बी मामंजींसमोर?"

त्यांच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. लग्नाकार्यात उखाण्यात घेतलं तर घेतलं, एरवी 'हे' आणि 'ह्यांना'. आणि ते लिहून चुलत सासऱ्याच्या हातात द्यायचं, की मी रोज सकाळी हे लिहिते म्हणून, यापेक्षा नोकरी सोडलेली परवडली असं त्यांना वाटत होतं. मी विचारलं, मग ठेवलंत कशाला तेच नाव? त्या भाकरीकडे बघत म्हणाल्या, "रोज लिवायला मिळतं. आन् कुणाला दिसत न्हाई, नुसतं ठिपकं उमटत्यात."

मला हसू आलं. सुरक्षेचं सगळं ज्ञान घेऊन मी त्या चुलीपाशी बसले होते आणि करपलेली भाकरी उलटत होते. मग एकदम माझ्या डोळ्यांपुढे त्यांच्या नवऱ्याची जीप आली. तिच्या पुढच्या काचेवर, दोन फुलांच्या मध्ये, लाल रंगात, लांबून दिसेल अशा अक्षरांत त्याचं नाव रंगवलेलं होतं.

मी कळवळून म्हटलं, "वहिनी, तुमचा पासवर्ड रोज संध्याकाळी ऑफिससमोर उभा राहून हॉर्न वाजवतो!"

त्या शांतपणे म्हणाल्या, असू द्या की, तो पासवर्ड आहे हे कुणाला ठावं? मी त्यांना बदलायला सांगितलं. बदलते म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात विचारलं, तेव्हाही बदलते म्हणाल्या. मग मी विचारणं सोडून दिलं, कारण सकाळी संगणक चालू करताना त्यांचा चेहरा मी बघत होते.

भाऊसाहेबांचा रुसवा मात्र वाढत गेला. त्यांनी सूनबाई म्हणणं बंद केलं आणि नुसतं 'बाई' म्हणू लागले, आणि ते वहिनींना फार लागलं. एवढ्यात प्रोबेशनच्या अहवालाची वेळ आली. भाऊसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, की बाईंचं काम चांगलं आहे, हात स्वच्छ आहे, वेळेवर येतात, हे सगळं ते लिहिणार आहेत. पण चार्ज देत नाहीत, सहकाऱ्यांवर विश्वास नाही, हेही लिहिणार. नात्यातली म्हणून झाकून ठेवलं तर उद्या लोक काय म्हणतील? मी तावातावानं भांडले. शेवटी, तुम्हाला बदल नकोच आहे, असंही बोलून गेले. ते म्हणाले, बदलाला ना नाही, पण घरातल्या माणसानं घरातल्या माणसाला किल्ली द्यायची नाही, हा कसला बदल? त्यांनी अहवाल तसाच लिहिला आणि पाठवला.

वहिनींच्या घरी त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. सासूबाईंचं म्हणणं सोपं होतं, दुसरं काहीतरी ठेव आणि सांगून टाक एकदाचं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, की सांगून टाकायचा असेल तर ठेवायचा कशाला? आणि मॅडमनी जे शिकवलं ते काय खोटं? मी तिथून उठून खोलीत आले. पोरीची नोकरी माझ्या शिकवणीमुळे जाणार की काय, हा विचार काही डोक्यातून जाईना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो फोन आला. मी पंपहाऊसवर गेले होते, परत आले तेव्हा भाऊसाहेब उभे राहून फोनवर बोलत होते. वरिष्ठांशी ते बसून कधीच बोलत नसत. बोट काचेवर ठेवून ते कार्डावरचं एकेक अक्षर वाचून दाखवत होते. देवीचं नाव गेलं, स्कूटरचा नंबर गेला. मी दारातूनच हात हलवून नको नको म्हणत होते आणि ते मला गप्प राहण्याची खूण करत होते. मी टेबलापाशी पोचेपर्यंत सगळं कार्ड वाचून झालं होतं आणि त्यांनी फोन वहिनींच्या हातात दिला होता.

पलीकडचा आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. मी मुख्यालयातून बोलतोय, आजपासून नवी सिस्टिम लागतेय, सगळ्यांची माहिती तिकडे हलवायचीय, तुमचा पासवर्ड लगेच सांगा. वहिनी सांगेनात. मग आवाज चढला. तुमच्या एकटीमुळे ऑफिसचं काम थांबेल, प्रोबेशनवर आहात ना, नाव लिहून घेतोय, नोकरीवर गदा येईल. नोकरी म्हटल्यावर वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊसाहेबांकडे. मी मानेनंच नाही म्हटलं आणि भाऊसाहेबांनी हातानं, सांगा सांगा, अशी खूण केली.

"न्हाई साहेब," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात घेत न्हाईत."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी फोन खाली ठेवला. मुख्यालयाचा फोन ठेवला, एवढंच भाऊसाहेब पुन्हा पुन्हा म्हणत होते. वहिनींच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं आणि त्या तशाच बसून तक्रारी संगणकावर चढवत होत्या. मी काचेखालचं कार्ड काढून फाडलं, सगळ्यांचे पासवर्ड तिथल्या तिथं बदलून घेतले आणि मुख्यालयाला कळवलं. वहिनींनी फक्त बदलला नाही. त्यांचा त्या कार्डावर नव्हताच.

पुढच्याच आठवड्यात मुख्यालयातून तपासणी अधिकारी आले. पुण्याचे, मृदू बोलणारे, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं आणि सांगून टाकलं, की तो फोन त्यांनीच करवला होता. कुठल्या कार्यालयात लोक काय करतात ते बघायचं होतं. तुमच्या कार्यालयानं सगळे पासवर्ड दिले, एक सोडून. भाऊसाहेबांची मान खाली गेली. आयुष्यभर एक कुलूप तुटू न दिलेला माणूस, त्यानं सगळ्या किल्ल्या अनोळखी माणसाला वाचून दाखवल्या होत्या. त्यांच्यावर मी इतकी चिडले होते, तरी त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना.

मग अधिकाऱ्यांनी वहिनींचा अहवाल काढला आणि मोठ्यानं वाचला. 'पासवर्ड सांगण्यास वारंवार नकार देतात.' ते हसले. म्हणाले, तक्रार म्हणून लिहिलेलं इतकं चांगलं शिफारसपत्र मी आजवर पाहिलं नाही. वहिनींना आधी कळलंच नाही. मी त्यांना कोपरानं ढोसलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. पण साहेबांचं संपलं नव्हतं. ते म्हणाले, न सांगणं हे अर्धंच काम झालं. ओळखू येईल असा शब्द ठेवला असेल तर सांगितल्यासारखाच. मी आता ओळखून बघतो. उघडला, तर मला तुमची मुदत वाढवावी लागेल.

ते वहिनींच्या संगणकासमोर बसले. त्यांच्याजवळच्या यादीत फक्त आद्याक्षरं आणि आडनावं होती. त्यांनी गावाचं नाव घालून बघितलं. नाही. देवीचं घातलं, एकापुढे एक आकडे घातले. नाही. नेमका त्याच वेळी बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला. जीप येऊन खिडकीसमोर उभी राहिली होती, लाल अक्षरं थेट आत बघत होती. मी उठले, धूळ फार येते असं काहीतरी पुटपुटले आणि खिडकी धाडकन लावून घेतली.

साहेबांनी वर बघितलं. म्हणाले, बहुतेक बायका एकच शब्द ठेवतात, असा माझा अनुभव आहे. बाई, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?

वहिनींची मान इतकी खाली गेली होती की नुसता पदर दिसत होता. त्या पदराआडून कसाबसा आवाज आला, "आमच्यात घेत न्हाईत."

भाऊसाहेबांनी चटकन मान वर केली. हेच शब्द वहिनी त्या दिवशी फोनवर बोलल्या होत्या. ते वहिनींकडे बघत राहिले, मग मी लावलेल्या खिडकीकडे, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे, पण त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. चिठ्ठीवर लिहून द्या म्हटल्यावर सून का लाल झाली होती, तेही त्यांना त्याच क्षणी उमगलं असणार, कारण म्हाताऱ्याचे कान तांबडे झाले.

साहेब हसत त्यांच्याकडे वळले. तुम्ही तर यांच्या नात्यातले ना, मग तुम्हीच सांगा, म्हणाले.

वरिष्ठानं विचारलं आणि भाऊसाहेबांनी सांगितलं नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या एका शब्दावर त्या पोरीची नोकरी होती आणि तो शब्द त्यांच्या ओठांवर असणार, कारण वहिनींच्या नवऱ्याला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ते सवयीनं उभे राहिले, टोपी नीट केली.

"साहेब, मागल्या येळी फोनवर इचारलंत तवा समदं सांगून बसलो. आता न्हाई सांगत."

"अहो, मी पासवर्ड कुठे विचारतोय? नुसतं नाव तर विचारतोय."

"व्हय. पर कशापायी इचारताय ते मला समजलंय."

साहेबांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग वहिनींच्या पदराकडे बघितलं, मग मी लावलेल्या खिडकीकडे. त्यांना किती कळलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. नाव काढायचं तर शेजारच्या टेबलावरचा पूर्ण नावांचा हजेरीपट उघडला असता तरी पुरे होतं. त्यांनी तो उघडला नाही. पेन काढलं आणि वहिनींच्या कागदावर 'कायम करण्यास हरकत नाही' असं लिहून सही केली. भाऊसाहेबांना म्हणाले, तुमच्या कार्यालयाचा शेरा मी बदलतो, एक नाही, दोन माणसं पास झाली. वहिनी रडायला लागल्या आणि मला मेलीला हसू आवरेना. वर्षभर डोकं आपटून जे मला जमलं नव्हतं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं आणि मी इतकी खूश होते की त्या साहेबांच्या हातात मी स्वतःचा चहा दिला.

साहेब गेल्यावर भाऊसाहेब वहिनींच्या टेबलाशी आले. वहिनी उठून उभ्या राहिल्या. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. भाऊसाहेबांनी घसा साफ केला आणि संगणकाकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, उद्या आल्या आल्या ते बदला. आन् नवं काय ठेवलंत, ते मला सांगू नगा."